पेनड्राईव्हची साथ

मी नंदुरबारला राहते आणि तिथून स्कूटरवर वीस मिनिटांवरच्या एका गावातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळेच्या संगणक कक्षाची जबाबदारीही माझ्याकडेच आहे. शाळेत संगणक आले त्या दिवशी मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये विचारलं, "यातलं कोणाला काही कळतं का?" मी नेमकी तेव्हाच पंखा बंद करायला हात वर केला होता.

कक्षात दहा संगणक आहेत. पहिली दोन वर्षं त्यांना सारखा व्हायरस लागायचा. एक संगणक सुरू होता होता तीनदा बंद व्हायचा. दुसऱ्यावर कुठलंही बटण दाबलं की परदेशातली लॉटरी लागल्याबद्दल अभिनंदन यायचं, आणि सातवीच्या पोरी एकमेकींना पेढे मागायच्या. शेवटी एका दिवाळीच्या सुट्टीत मी एकटीने बसून दहाही संगणकांवरचं विंडोज काढलं आणि त्याऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी दुसरी प्रणाली टाकली. यंत्रं जुनी होती, पण पळायला लागली. व्हायरसचा त्रास थांबला.

इथवर सगळं ठीक होतं. पण ते यश माझ्या डोक्यात गेलं. "लिनक्सला व्हायरस लागत नाही" हे वाक्य मी सांगत सुटले. हळदीकुंकवाला सांगितलं. भाजीबाजारात सांगितलं. एकदा घसा धरला म्हणून दवाखान्यात गेले, तर डॉक्टर जीभ दाबून घशात बघत असतानाच सांगायला लागले. त्यांना ते उलटीचं लक्षण वाटलं आणि त्यांनी पटकन बादली पुढे केली. घरी पाहुणे आले की माझा नवरा मला चहा ठेवायला आत पाठवायचा आणि तेवढ्यात त्यांना म्हणायचा, "तिला संगणकाचं काही विचारू नका."

माझं म्हणणं तसं खोटं नव्हतं. व्हायरस हाही एक प्रोग्रामच असतो. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस लिनक्सवर आला, तर त्याला तिथली भाषाच कळत नाही, तो नुसता पडून राहतो. लिनक्ससाठी लिहिलेले व्हायरसही असतात, आणि लिनक्सवरसुद्धा अँटिव्हायरस ठेवावा, कारण आपल्याला काही झालं नाही तरी आपल्यामार्फत ते दुसऱ्याकडे जाऊ शकतात, हेही मी कुठेतरी वाचलं होतं. पण ती ओळ मी जरा भरभर वाचली होती.

आमच्या शाळेचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांचं या बाबतीत वेगळं मत होतं. ते संगणक कक्षाच्या दारात स्टूल टाकून बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला चपला काढायला लावायचे. संस्थेचे अध्यक्ष आले, त्यांनाही सोडलं नाही.

"चपला बाहेर ठेवा. आतमा व्हायरस जास."

मी त्यांना समजावलं, "मामा, व्हायरस चपलेतून येत नाही."

"मंग कशामाईन येस?"

"पेनड्राईव्हमधून येतो."

मामांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पाहते तर दाराबाहेरच्या चपलांच्या रॅकवर, सर्वांत वरच्या फळीवर, खडूने लिहिलेलं: 'पेनड्राईव येथे काढावेत.' गणिताच्या सरांचा पेनड्राईव्ह त्यांच्या डाव्या बुटात ठेवलेला होता. सर चिडले, पण मामा हटले नाहीत. फक्त मला त्यांनी सूट दिली. मॅडमच कक्षाच्या मालकीण, त्यांचा पेनड्राईव्ह कसा काढायला लावणार?

ती सूट भोवली.

झालं असं, की एक दिवस मुख्याध्यापकांच्या केबिनमधल्या संगणकावरून मी काही फोटो माझ्या पेनड्राईव्हवर घेतले. शाळेत तेवढ्या एकाच संगणकावर विंडोज होतं. कक्षात येऊन पेनड्राईव्ह लावला, तर त्यात मी न ठेवलेल्या चार-पाच फाइली दिसल्या. 'फोटो' नावाच्या फोल्डरशेजारी 'फोटो' नावाचाच एक शॉर्टकट, 'नोट्स'शेजारी 'नोट्स'चा शॉर्टकट. मला एकदम ओळख पटली. हा तो शॉर्टकट व्हायरस! विंडोजवर तो आपले खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या जागी तशाच नावाचे खोटे शॉर्टकट ठेवतो. त्यावर क्लिक केलं की तो त्या संगणकात शिरतो, आणि मग त्या संगणकाला जो जो पेनड्राईव्ह लागेल त्यात जातो. लिनक्सवर मात्र त्याची लपवालपवी चालत नाही. खरं आणि खोटं दोन्ही शेजारी शेजारी दिसतं.

शहाण्या माणसाने तो तिथल्या तिथे पुसला असता. मी नववीचा वर्ग बोलावला.

"बघा रे, हा खराखुरा व्हायरस," मी म्हणाले. "घाबरू नका. आपल्याकडे त्याचं काही चालत नाही." आणि मी पोरांच्या देखत त्या शॉर्टकटवर क्लिक केलं. काहीच झालं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा क्लिक केलं. मग आठवीने ऐकलं, त्यांनाही बघायचं होतं. दहावीला बोर्डाचं वर्ष म्हणून आवर्जून दाखवला. सगळ्यांना नीट दिसावा म्हणून मी तो दहाही संगणकांवर उतरवून ठेवला. प्रयोगशाळेत बरणीत साप ठेवतात, तसं मला वाटत होतं. बरणीला झाकण नव्हतं, एवढं लक्षात आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेचं काम निघालं. मजकूर मी कक्षातच तयार केला, त्याच पेनड्राईव्हवर घेतला, आणि शाळा सुटल्यावर नंदुरबारला चाचांच्या प्रेसमध्ये गेले.

चाचा म्हणजे आमच्या भागातले जुने छापणारे. त्यांचे वडील शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायचे, चाचा संगणकावर छापतात. घरात हिंदी बोलतात आणि गिऱ्हाइकाशी आमच्यासारखीच अहिराणी. लग्नपत्रिका असो, दशक्रियेची पत्रिका असो, शेतकी दुकानाची पावतीपुस्तकं असोत, सगळं त्यांच्याकडे. हिवाळ्यात त्यांच्या प्रेसमध्ये बोलणं अवघड होतं, कारण गावाबाहेर लाल मिरच्यांच्या पथाऱ्या वाळत असतात आणि वारा तिकडून सुटला की सगळी गल्ली शिंकते. त्या दिवशीही चाचांनी दोनदा शिंकून माझा पेनड्राईव्ह संगणकाला लावला. पत्रिकेवर शाळेचा फोटो टाकायचा होता, म्हणून त्यांनी 'फोटो'वर क्लिक केलं. पडद्यावर एक काळी चौकट लकाकून गेली.

"हाई काय व्हतं?" चाचा म्हणाले.

"काही नाही, चाचा. विंडोजचं असंच असतं," मी म्हणाले.

त्यांच्या संगणकावर अँटिव्हायरस होता, पण त्याची मुदत केव्हाच संपली होती. तो रोज सकाळी आठवण करायचा आणि चाचा रोज अदबीने 'नंतर' दाबायचे.

दोन दिवसांनी मी कच्ची प्रत बघायला गेले, तर चाचा कपाळाला हात लावून बसलेले. "मशीन नखरा करी ऱ्हायनं, मॅडम. फोल्डर उघडस नही. पत्रिका दिखतस, पण हातमा येतस नही."

आता मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. मी खुर्ची ओढली, त्यांच्यासमोर बसले आणि त्यांना पाऊण तास लिनक्सबद्दल सांगितलं. विंडोज कसं कच्चं, लिनक्स कसं पक्कं. "आमच्या कक्षात बघा, एक व्हायरस नाही. तुम्ही कुठून कुठून पेनड्राईव्ह घेता, चाचा! लोक काय काय घेऊन येतात, त्यांचं त्यांनाही माहीत नसतं." चाचा माझ्याकडे बघत होते. मध्ये एकदा त्यांनी तोंड उघडलं, मग मिटलं, आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

मी चहा प्यायले आणि घरी आले.

त्यानंतर चार दिवसांनी रनाळ्याला माझ्या चुलतदिराचं लग्न होतं. रनाळं हे माझं सासर. वरात काढायला अक्कलकुव्याहून डीजे बोलावला होता. ट्रकवर माणसाएवढे स्पीकर, वर फिरते दिवे, आणि मधोमध लॅपटॉप घेऊन डीजेवाला, काळा चष्मा घालून. नवरदेव घोड्यावर बसला. पोरं नाचायला कंबर बांधून उभी राहिली. डीजेवाल्याने हात वर केला, बोट खाली आणलं, आणि स्पीकरमधून आवाज आला, "टुंग."

पुन्हा बोट खाली आलं. पुन्हा "टुंग."

"मन्हा गाना कोठे गयात?" डीजेवाला ओरडला. माईक चालू होता, त्यामुळे हे सगळ्या गावाने ऐकलं. "बठा गाना गयात! फोल्डर शे, गाना नही शेत!"

घोडा बिचकायचा तो "टुंग"लाच बिचकला. नवरदेवाने घोड्याच्या मानेला मिठी मारली. माझे चुलतसासरे ट्रकवर चढले आणि लॅपटॉपला थापटून पाहू लागले, जणू त्याला ठसका लागलाय. कोणी म्हणालं बॅटरी काढ, कोणी म्हणालं उन्हात ठेव. शेवटी नवरदेवाच्या आत्याबाई वैतागल्या. त्यांनी पदर खोचला आणि अहिराणीत लग्नाचं गाणं सुरू केलं. त्यांच्यामागून बाकीच्या बायका. डीजेवाल्याने काही सुचेना म्हणून त्यांच्यापुढे माईक धरला. त्या गाण्यात विहिणीच्या नाकाचं जे वर्णन होतं, ते त्या स्पीकरांतून शेजारच्या गावापर्यंत गेलं असणार. वरात पुढे सरकली. पोरं आधी लाजत, मग जोरात नाचली.

डीजेवाला घाम पुसत माझ्या नवऱ्याला सांगत होता, "परवा नंदुरबारले चाचांकडे स्टिकर छापाले पेनड्राईव्ह दिन्हा व्हता. तो परत लॅपटॉपले लावा, तवयपाईन हाई सुरू व्हयनं."

माझ्या हातात जिलेबीची ताटली होती. चाचांकडून? म्हणजे चाचांच्या मशीनला जे झालं ते... आणि त्याआधी चाचांकडे कोण गेलं होतं? माझ्या डोळ्यांसमोर ती काळी चौकट लकाकली.

चाचाही लग्नाला आले होते. डीजेवाला त्यांना तिथेच भेटला. दोन-तीन जण आणखी जमले. ग्रामपंचायतीचा ऑपरेटर म्हणाला, त्याच्या पेनड्राईव्हलाही असंच झालंय. फोटोग्राफर म्हणाला, माझंही. सगळे चाचांकडे बघायला लागले. आणि चाचा हात जोडून म्हणाले, "मन्हीच मशीन जुनी शे भाऊ. तिन्हामाच काही व्हई. माफ करा."

मी दोन हात अंतरावर उभी होते. आत्ता पुढे जाऊन सांगावं, असं मला वाटलं. मग वाटलं, आधी जिलेबी संपवावी. जिलेबी संपली तोवर चाचा पंगतीला बसले होते, आणि जेवत्या माणसाला काय सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं. मग ते निघून गेले. मी सगळं लग्न असं काढलं. कोणी "पेनड्राईव्ह" म्हटलं की मी वाढायला उठायचे. लोकांना वाटलं, शिकलेली असून किती कामाची सून आहे.

मला पकडलं ते माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. त्या रनाळ्यात आशा कार्यकर्त्या आहेत. करोनाच्या काळात त्यांनी अख्खं गाव पिंजून काढलं होतं. कोण कोणाला भेटलं, कोण कोणाच्या शेजारी बसलं, कोण मास्क न लावता पत्ते खेळलं, हे सगळं त्यांच्या वहीत असायचं. ते काम संपल्यापासून त्यांना चुकल्यासारखं वाटत होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओट्यावर वही घेऊन बसल्या आणि फोन फिरवू लागल्या. डीजेवाला कोणत्या दिवशी गेला होता, ऑपरेटर कधी, फोटोग्राफर कधी. वहीत बाण काढत काढत त्या चाचांपर्यंत आल्या. चाचांना फोन लावला.

"चाचा, डीजेवालाना पहिले कोण उनं व्हतं?"

पलीकडून चाचा काहीतरी गुळमुळीत बोलले.

"बरं, त्या दिवसनी पावती कोणा कोणानी शेत, तेवढं सांगा," जाऊबाई म्हणाल्या.

त्यांनी फोन ठेवला, वहीत एक बाण काढला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला लसूण सोलत होते.

"काय व, तुन्हा पेनड्राईव्ह चाचांकडे गया व्हता?"

"हो ताई."

"त्याना पहिले कोठे व्हता?"

"शाळेत. मुख्याध्यापकांच्या संगणकाला लावला होता."

"तुन्हा मशीनले काही लक्षणं?"

"नाही. लिनक्सला व्हायरस..." मी म्हणाले आणि थांबले.

जाऊबाईंनी पेनचं टोपण लावलं. "लक्षणं नहीत, पण जाशी तठे साथ पसरस. आम्ही याले वाहक म्हंतस." मग त्यांनी मला एकदम कामाच्या आवाजात विचारलं, "चौदा दिवसमा कोण कोण संपर्कमा उनं?"

मी लसूण खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. नववी, आठवी, दहावी. दहा संगणक. पाऊण तासाचं भाषण. त्या लिहून घेत होत्या. भाषणाच्या भागाला मात्र त्यांना लिहिता येईना. वही थरथरायला लागली, मग खांदे, आणि मग त्या ओट्यावर आडव्या पडून हसल्या. माझ्या सासूबाई घाबरून आतून पाणी घेऊन आल्या. त्यांना कारण कळल्यावर त्यांनी ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं आणि त्याही हसायला बसल्या.

त्याच दुपारी मी चाचांकडे गेले. वाटेत वाक्यं जुळवली होती, दारात शिंक आली आणि सगळी विसरली. एवढंच म्हणाले, "चाचा, तो व्हायरस माझ्या पेनड्राईव्हमधून आला."

"माले तवयच समजनं व्हतं," चाचा शांतपणे म्हणाले. "तुम्हनाच पेनड्राईव्ह लावा आणि काळं काळं उनं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? मी तिथे बसून पाऊण तास..."

"तुम्ही इतला उत्साहमा सांगी ऱ्हायनात," चाचा म्हणाले, "मंग मधमा कसं बोलू?"

"आणि काल? लग्नात सगळ्यांसमोर तुम्ही आपल्यावर घेतलं."

"शाळानी मॅडम शेतस तुम्ही. पोऱ्यासना समोर मान खाली नको जावाले." मग ते जरा हसले. "मन्ही मशीन जुनी शेच. कोणी नवल नही करं."

मला रडू आलं, पण नेमकी त्याच वेळी मिरचीची झुळूक आली आणि आम्ही दोघंही शिंकायला लागलो, त्यामुळे कोण कशाने डोळे पुसतंय ते कळलं नाही.

मी त्यांच्या मशीनची डिस्क काढून माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपला लावली. त्यांचे सगळे फोल्डर तिथेच होते, नुसते लपवलेले. एकेक नाव दिसू लागलं तसे चाचा खुर्चीवरून उठत गेले. "म्हणजे गयात नव्हतात! हाई ऱ्हायनात इठेच!" ते पत्रिका ओळखत होते, जशी माणसं ओळखावीत. याला आता दोन पोरं आहेत, ही पोर सुरतेला असते, या दोघांचं मोडलं होतं, पण पत्रिका मोठी देखणी झाली होती.

चाचांचं निस्तरलं, पण बाकीच्यांचं काय? जाऊबाईंच्या वहीत पुष्कळ बाण होते. "शिबिर लेऊत," त्या म्हणाल्या. त्यांना शिबिराशिवाय दुसरा उपाय सुचतच नाही.

आधी मी शाळेत जाऊन लिनक्सवर चालणारा एक फुकट मिळणारा अँटिव्हायरस दहाही संगणकांवर टाकला. माझ्या त्या निरोगी कक्षात तो सुरू केला, तर पहिल्याच संगणकावर लाल अक्षरं आली. दुसऱ्यावरही. दहाच्या दहावर. मी स्वतःच्या हाताने घातलेले साप सगळे. मामा मागे उभे राहून बघत होते. मग ते बाहेर जाऊन रॅकच्या वरच्या फळीवर माझ्यासाठी जागा करून आले.

रविवारी सकाळी चाचांच्या प्रेससमोर मांडव पडला. लग्नाचाच उरलेला होता. एका टेबलावर माझा लॅपटॉप. मामा प्लास्टिकचा ट्रे घेऊन दारात, येणाऱ्याचा पेनड्राईव्ह काढून घेत आणि कागदाचा नंबर देत. जाऊबाई रांगेवर. तपासून झालेल्या पेनड्राईव्हवर त्या पोलिओच्या डोसानंतर बोटाला लावायच्या मार्करने ठिपका काढायच्या आणि मालकाला सांगायच्या, "अर्धा तास बसा. काही त्रास व्हयना तर सांगा." लोक बसायचेही. पेनड्राईव्हला काय त्रास होणार, ते कोणी विचारलं नाही. गल्लीत वारा सुटला की सगळी रांग एकदम शिंकायची, आणि बाजारातून जाणारे लोक तोंडाला रुमाल लावून पलीकडच्या बाजूने जायचे.

एक म्हातारेबाबा बाही दंडापर्यंत वर करून माझ्यासमोर येऊन बसले. "कोणता डोस शे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाबा, पेनड्राईव्ह आहे का? ते म्हणाले, "नही, पण रांगमा घंटाभर उभा शे." जाऊबाईंनी त्यांचा रक्तदाब बघितला, तो जरा जास्त निघाला, आणि त्यांना खरोखरच दवाखान्यात पाठवलं. त्या शिबिरात माणसाच्या कामी आलेली तेवढी एकच तपासणी.

डीजेवाला अक्कलकुव्याहून मोटारसायकलवर आला. त्याची गाणी सगळी परत मिळाली. मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं की दोष चाचांचा नव्हता, माझा होता. मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, "मॅडम, त्या आत्याबाईसना नंबर भेटी का? दोन सुपाऱ्या उन्यात, त्यासले बाया गातस तोच डीजे पाहिजे."

शेवटी आमचे मुख्याध्यापक आले, कडक इस्त्रीत. मूळ त्यांच्याच संगणकात होतं, हे मी त्यांना आदल्या दिवशी जपून सांगितलं होतं. अँटिव्हायरस तपासताना प्रत्येक फाइलचं नाव पडद्यावर सरकत जातं. सरांचा पेनड्राईव्ह लावला आणि नावं सरकू लागली. प्रार्थना, परिपत्रक, परिपत्रक, आणि मग 'माझा आवाज १', 'माझा आवाज २', असं पुष्कळ पुढेपर्यंत. व्हायरस चौथ्या आवाजात बसला होता. सगळी रांग पडद्याकडे वाकली. सर कोणाकडेच न बघता म्हणाले, "कराओके आहे. डॉक्टरांनी फुप्फुसांसाठी सांगितलंय." डीजेवाल्याने आपुलकीने विचारलं, "सर, कोणती पट्टी?" स्नेहसंमेलनात सरांनी दोन गाणी म्हटली. पोरांनी तिसरं मागितलं, आणि ते चेष्टेने नव्हतं.

चाचांचं ऋण मला काही तरी करून फेडायचं होतं. मी म्हणाले, "चाचा, तुमच्या मशीनवर लिनक्स टाकून देते." ते नको म्हणायला गेले, पण माझा उत्साह बघून गप्प बसले. हे मला तेव्हाही कळलं नाही. मी दिवसभर बसून लिनक्स टाकलं. मशीन सुरेख चालू लागलं. मी समाधानाने घरी आले.

तिसऱ्या दिवशी सहज डोकावले, तर चाचा बंद पडद्यासमोर हातांची घडी घालून बसलेले, आणि एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "दोन दिवस थांबा भाऊ. मशीनना उपास शे."

मी मशीन सुरू करून पाहिलं. त्यांचे मराठी फाँट जुन्या पद्धतीचे, फक्त त्यांच्या विंडोजवरच्या त्या एका सॉफ्टवेअरमध्ये चालणारे. लिनक्सवर गणपतीच्या जागी चौकोन आले होते आणि वधूच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि डॉलरच्या चिन्हांची माळ.

"बेटी," चाचा म्हणाले. मॅडम सोडून त्यांनी मला असं पहिल्यांदाच म्हटलं. "तुन्ही मशीन निरोगी शे. पण कामवर जात नही."

त्याच दुपारी लिनक्स काढलं, विंडोज परत टाकलं, नवा अँटिव्हायरस बसवला. संध्याकाळी कोरीटच्या एका लग्नाची पत्रिका उघडली. गणपती जागेवर होता. चाचांनी चष्मा चढवला आणि रीतीप्रमाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कुलदैवत, वराचं नाव, मुहूर्त, आणि खाली लहान पोरांची ओळ: "आमच्या काकाच्या लंग्नाला यायचं हं!"

"चाचा, 'लग्नाला'वर अनुस्वार पडलाय," मी म्हणाले.

"मन्ही चूक नही. मी नही दिन्हा," चाचा म्हणाले. त्यांनी तो खोडायचं बटण दाबलं. 'ल' गेला, अनुस्वार तसाच. 'ग्ना' गेला, तरी अनुस्वार तिथेच, हवेत. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. अँटिव्हायरस तर आत्ताच टाकला होता. मी मान पुढे काढून पडद्याजवळ नाक नेलं.

अनुस्वार उडाला, दोन घिरट्या घालून चाचांच्या चहाच्या कपावर जाऊन बसला आणि पाय चोळू लागला.